परवान्यापुरता दुश्मन

बंदूक मला स्वसंरक्षणासाठी हवी आहे, असं मी अर्जात लिहिलं होतं. ते साफ खोटं होतं. मला ती साडूसाठी हवी होती. साडूला मारायला नव्हे. तेवढी हिंमत अंगात असती तर बंदुकीची गरजच पडली नसती. मला ती फक्त त्यांना दाखवायची होती.

हणमंतराव माझे थोरले साडू. किनवटला तेंदूपत्त्याचा ठेका घेतात. इस्लापूरकडच्या जंगलात माणसं पाठवतात आणि स्वतः घरी गादीवर लोळतात. त्यांना दुनाळी बंदुकीचा परवाना मिळाला, कारण अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'अस्वलापासून धोका.' या कारणातली लबाडी बघा. अस्वलाकडे चौकशीला कोणी जात नाही, अस्वलाचा जबाब कोणी घेत नाही, आणि 'मी या गृहस्थांना कधी पाहिलंही नाही' असं अस्वल लिहून देत नाही. दोन महिन्यांत परवाना घरपोच. तेव्हापासून ती बंदूक नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नाला हजर.

माहूरला मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाची स्वागताची पाटी, 'शुभविवाह'ची अक्षरं आणि दोन्ही बाजूंचे मोर मी रंगवले होते. दोन दिवस उन्हात उभं राहून. लग्नाच्या दिवशी हणमंतराव आले, मांडीवर बंदूक आडवी घेऊन वरबापाच्या शेजारी सोफ्यावर बसले, आणि मला वाढप्याने सांगितलं, "ओ पाहुणे, जरा सरका, बादली जाऊ द्या." परतीच्या एसटीत माझी बायको तारामती नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. नांदेडच्या स्टँडवर उसाच्या रसाचा पेला हातात धरून म्हणाली, "अक्काच्या दिवाणखान्यात ती बंदूक लई शोभून दिसते हो." मी पेला तसाच ठेवला आणि त्या क्षणी ठरवलं.

माझी योग्यता सांगतो. मी हायस्कुलात चित्रकला शिक्षक. शाळेत व्यायामाच्या मास्तरालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त मान, कारण त्याच्याकडे निदान शिट्टी असते. वीस वर्षांत माझ्या कलेचा उपयोग गावाने तीनच गोष्टींसाठी केला: गणपतीची आरास, गॅदरिंगचा पडदा आणि ट्रकच्या मागचं 'पुन्हा भेटू'. गाव तालुक्याचं आहे, निलंग्याच्या अंगाला. नाव सांगत नाही, सांगून त्याची शोभा वाढणार नाही.

जिल्हा तेव्हा नवा होता. म्हणजे झेंडा लागला होता, पेढे वाटून झाले होते, कपाटं यायची होती. बंदुकीच्या अर्जाचे फॉर्म जुन्या जिल्ह्याच्या नावाने छापलेले. पहिल्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, जुनं नाव खोडून नवं लिहा. मी खोडलं. दुसऱ्या खिडकीवरचा म्हणाला, खाडाखोड चालत नाही. मी जुन्या जिल्ह्याला गेलो, तर ते म्हणाले, तुमचा आमचा संबंध पंधरा ऑगस्टला संपला. शस्त्रांचं रजिस्टर मात्र त्यांच्याकडेच होतं. एसटीने सहा फेऱ्या झाल्या आणि त्यानंतर कोणीतरी दया येऊन माझा अर्ज कोऱ्या कागदावर घेतला.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. नरसिंग टेलर माप घेता घेता म्हणाला, "घराघरात बंदूक पाहिजे मास्तर. मग चोर येतच न्हाई." मी विचारलं, चोराकडेही आली तर? "त्याला काहून द्यायची? आणि त्याला काय, त्याला परवाना लागत न्हाई." एवढं बोलून त्याने माझ्या पँटची उंची दोन इंचांनी कमी लिहिली. देशातल्या शस्त्रांच्या प्रश्नावर इतकं स्वच्छ बोललेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही, पण पँट वाया गेली.

साहेबरावांचं बोलणं वेगळं होतं. साहेबराव समाजकल्याण खात्यात हेडक्लार्क. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली नियमांची पुस्तकं, अशी त्यांची मांडणी. मी अर्जातली भाषा तपासून घ्यायला गेलो होतो. त्यांनी कागद वाचला, चहा ढवळला आणि म्हणाले, "दंगलीच्या साली आमच्या गावची वस्ती पेटवली, मास्तर. माझ्या चुलत्यानं बंदुकीची दरखास्त केली. जमादार आला, राख बघून गेला. चार महिन्यांनी जवाब आला, अर्जदाराच्या जीवाला धोका दिसून येत नाही. आता तुम्ही अर्ज करून राहिले. तुम्हांला मिळंल. ज्याला धोका न्हाई त्यालाच मिळते ती."

मला लाज वाटायला हवी होती. पण एवढ्या बोलण्यातलं मला 'तुम्हांला मिळंल' एवढंच ऐकू आलं, आणि मी खुशीत घरी आलो.

अर्ज चौकशीला ईश्वरप्पा जमादारांकडे आला. जमादार सज्जन माणूस, पोटाने आणि स्वभावाने. त्यांनी सारी गल्ली पालथी घातली. घरोघर एकच प्रश्न: मास्तरांना मारावं असं कोणाला वाटतं का? ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अपमानाची दुपार. समोरच्या केवळाबाई, ज्या गल्लीतल्या प्रत्येकाबद्दल वाईट बोलू शकतात, त्यासुद्धा म्हणाल्या, "त्यांला कोण मारल बापा? पोरं भीत न्हाईत त्यांला!" जमादारांनी रिपोर्ट मला वाचून दाखवला. 'अर्जदार निरुपद्रवी असून गावात कोणाच्याही खिजगणतीत नाही.'

"खिजगणतीत न्हाई हे लिहायलाच पाहिजे का?" मी विचारलं.

"मास्तर, दरखास्त बराबर हाय, सही बराबर हाय. दुश्मन न्हाई," जमादार म्हणाले. "दुश्मनाशिवाय फाइल सरकत न्हाई. एखादा बगा. आठ दिवस रिपोर्ट थांबवतो."

आता दुश्मन काय बाजारात मिळतो? मी मनातल्या मनात सारं गाव चाळलं. माझं कोणाशी भांडण नव्हतं, कारण भांडण करण्याइतकं कोणी मला मोजतच नव्हतं. चाळून चाळून हाती एकच नाव लागलं, आणि ते माझ्या एकुलत्या एका मित्राचं होतं. परक्या माणसाला मी असली गळ घालू शकत नव्हतो.

किशनराव आमचे शेजारी आणि गावचे पोस्टमास्तर. सोळा वर्षांचा शेजार. दोन्ही घरांत मिळून एक आड, आणि मधली भिंत बरोबर त्या आडावरून गेलेली. अर्धं तोंड आमच्या न्हाणीकडे, अर्धं त्यांच्या. रहाट दोन, पाणी एक. सकाळी आम्ही शेंदायचं, संध्याकाळी त्यांनी, आणि दुपारी गल्लीतल्या बायका ज्यांच्या दारातून आत येता येईल तिथून. कधी घागर पडली तर त्यांच्या बाजूने आम्ही गळ टाकायचा. सलग तिसरं साल कोरडं गेलं होतं. गावातल्या विहिरींच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, पण आमचा आड टिकून होता. वीस घरं त्या आडावर होती.

मी भीत भीत विषय काढला, तर किशनराव खूश! "दुश्मन? मी?" त्यांनी आरशात बघून छाती फुगवली. आयुष्यभर टपालतिकिटं चिकटवणाऱ्या माणसाला आपण भयंकर असू शकतो ही कल्पनाच गोड वाटली असावी. मला वाटलं होतं की विनवण्या कराव्या लागतील. इथं तेच माझ्या पुढे धावू लागले.

"बयानात काय लिवायलाव? कुऱ्हाड लिवा. काठी बरी दिसत न्हाई."

"कारण काय लिहू?"

"आडाचं पाणी. ह्या दुष्काळात कोन बी इश्वास ठेवतंय. आनि शिव्या लिवा चार. मी सांगतो." त्यांनी मला उद्देशून द्यायच्या आणि स्वतःच्या तोंडी घालायच्या अशा शिव्या सांगितल्या, मी लिहून घेतल्या. त्यांची बायको सिंधुताई चहा घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघं 'तुझे तुकडे करून आडात टाकीन' या वाक्यावर हसत होतो. किशनरावांची एकच अट होती. "दारू पिऊन आलो असं नका लिवू. सिंधुच्या माहेरी कळलं तर परेशानी."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. जमादारांना दुश्मन मिळाला, दुश्मनाने स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन 'होय, मी धमकी दिली' असा जबाब दिला आणि वर जमादारांना पान खाऊ घातलं. मग जमादार सहज म्हणाले, "मोक्याचा नकाशा लागतो. आड कुठं, भिंत कुठं, कोन कुठं उभा होता. तुम्ही ड्रॉईंग मास्तर. तुम्हीच काढून द्या."

दुसऱ्या कोणीही पट्टीने चार रेघा ओढल्या असत्या, एका गोलात 'आड' लिहिलं असतं आणि फुलीजवळ 'आरोपी' लिहून मोकळा झाला असता. पण सरकारने वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे चित्र मागितलं होतं! मी फुल साइजचा कागद आणला. जलरंग काढले. तीन दिवस शाळेला रजा टाकली. आड काढला, दोन्ही रहाट काढले, भिंतीचे पोपडे काढले, आणि आडाच्या काठावर कुऱ्हाड उगारलेले किशनराव काढले. किशनराव रोज सकाळी भिंतीपलीकडे उघड्या अंगाने आंघोळ करत असत, त्यामुळे नमुना समोरच होता. डोळे लाल केले ते प्रसंगासाठी. बाकी एक रेघ मी खोटी काढली नाही. नाकावरचा मस, कानामागून ओढून टकलावर चिकटवलेले सोळा केस, पंच्यावर येऊन विसावलेलं पोट, पोटावरच्या वळ्या मोजून तीन. त्या चित्रासारखं चित्र मी आधी काढलं नव्हतं आणि नंतर माझ्या हातून होणार नाही.

चित्राने आपलं काम चोख केलं. ठाण्यात ते बघायला माणसं आली. तिथून फाइल तहसील कचेरीत गेली. तहसीलदार साहेब नव्या जिल्ह्यात नवे आलेले, तरुण, कामाचे. दुष्काळात पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून वरून कडक परिपत्रक होतं. साहेबांनी जबाब वाचला असेल नसेल, पण चित्र बघितलं. लाल डोळ्यांचा, कुऱ्हाडवाला, पंचा नेसलेला माणूस, आणि पुढ्यात पाणी. त्यांनी त्याच दिवशी हुकूम काढला: पाण्याच्या वादातून शांतताभंग होण्याचा संभव असल्याने सदर आड निकाल लागेपर्यंत सरकारी ताब्यात घ्यावा.

सकाळी दहा वाजता तलाठी, दोन शिपाई आणि एक सुतार आमच्या न्हाणीत उभे. आडावर फळ्या ठोकल्या, साखळी घातली, कुलूप लावलं, कुलपाला फडकं गुंडाळून लाखेचा शिक्का मारला. मग भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले आणि किशनरावांच्या बाजूनेही तेच केलं. त्या दुपारी घागरी घेऊन आलेल्या बायका दारात थबकल्या. केवळाबाई फक्त शिक्क्याकडे, मग माझ्याकडे बघून गेल्या, आणि मला जमादारांचा रिपोर्ट चुकीचा ठरल्याचा क्षणभर आनंद झाला. आता गल्लीत निदान वीस घरांना मला मारावंसं वाटत होतं.

तारामतीने कंबरेवर घागर घेतली, पायात चप्पल घातली आणि टँकरच्या रांगेला निघाली. "बंदूक कधी येणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, फाइल पुढे सरकली आहे. ती म्हणाली, "आली की नळी तोंडाला लावा अन् तहान भागवा."

किशनराव तेव्हाही हसत होते, हे मला सांगायलाच पाहिजे. "होईल हो मास्तर, दोन दिवसांचा खेळ," असं त्यांनी भिंतीवरून मान काढून सांगितलं. मग त्यांना तहसील कचेरीतून नोटीस आली आणि नोटीस घ्यायला गेले असता कारकुनाने उत्साहाने फाइल उघडून दाखवली. तिथून ते थेट आमच्याकडे आले. टोपी हातात होती आणि सोळा केस विस्कटलेले होते.

"कुऱ्हाडीचं मला काही न्हाई," ते म्हणाले. "डोळ्याचंबी न्हाई. पण मास्तर, पोट?"

मी 'चुकलो' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. पण माझ्यातला कलावंत, जो वीस वर्षं ट्रकच्या मागे राबत होता, तो नेमका तेव्हा जागा झाला. मी त्यांना यथार्थ चित्रणाबद्दल समजावू लागलो. कलेत सौंदर्य हे सत्यात असतं वगैरे. तीन वळ्या होत्या म्हणून तीन काढल्या, असंही म्हणालो.

"सोळा वर्सं तुम्ही असं बगत होते माझ्याकडं?" एवढंच विचारून ते गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांना त्यांच्या वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. पोस्ट खात्याचा नोकर कुऱ्हाड घेऊन फिरतो ही बाब गंभीर असून खुलासा करावा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत किशनरावांना एक साधा मेमो नव्हता. एका मनीऑर्डरीचा पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता. सिंधुताई तारामतीला टँकरच्या रांगेत सांगत होती की ते जेवत नाहीत, नुसते खुलासे लिहितात आणि फाडतात. दोघी रांगेत एकमेकींच्या घागरी धरत होत्या. बोलणं बंद होतं ते आम्हां पुरुषांचं.

सुनावणीचा दिवस आला. आडाचं सील काढायचं तर वाद मिटला असं दोघांनी सांगायचं, की काम संपलं. तहसील कचेरी गल्लीतल्या माणसांनी भरली होती. तहसीलदार साहेबांनी आधी मला विचारलं, "वाद होता का?"

टेबलावर माझी परवान्याची फाइल होती, वर 'शिफारस' असं लिहिलेलं दिसत होतं. वाद नव्हता म्हणावं तर परवाना गेला. दिवाळीला हणमंतराव येणार होते. मी म्हणालो, "होता साहेब. आता मिटलाय." अशी दोन्हीकडून सुटणारी वाक्यं आम्हां मास्तरांना चांगली जमतात.

साहेब किशनरावांकडे वळले. "तुमचं काय? वाद मिटला?"

किशनराव उभे राहिले. "साहेब, त्या येळेला वाद नव्हता, तरी मी हाय म्हनून बयान दिलं. दोस्तासाठी खोटं बोललो. आता वाद हाय. आता न्हाई म्हनून सांगू का? एका मुकदम्यात दोनदा खोटं बोलायचं मला जमनार न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढची तारीख दिली. सील तसंच राहिलं.

आणि मग परवाना मंजूर झाला! कारकुनाने किशनरावांच्या बोलण्यातलं 'आता वाद हाय' एवढंच लिहून घेतलं होतं, आणि धोका सिद्ध व्हायला तेवढं पुरलं. जमादारांनी रस्त्यात सायकल थांबवून सांगितलं: मंजुरीचं पाकीट रजिस्टर टपालाने निघालंय. मी पोस्टमनची वाट बघत बसलो. तो रोज आमचं घर गाळून जायचा. चौथ्या दिवशी मीच पोस्टात गेलो. खिडकीमागे किशनराव.

"माझं रजिस्टर आलंय," मी म्हणालो.

"नाव?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी नाव सांगितलं. मल्लिकार्जुन, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, गल्ली. गल्ली सांगताना जीभ अडखळली, कारण तीच गल्ली त्यांचीही होती. त्यांनी पाकीट काढलं, पत्ता शांतपणे वाचला आणि खिडकीच्या आतच ठेवलं. "पत्ता बराबर हाय. पण मी तुम्हांला वळखत न्हाई. वळखनारा मानूस आना. नियम हाय." नियम खरोखर आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता.

मी बाहेर आलो. गावात माझी ओळख पटवणारा माणूस शोधू लागलो. नरसिंग टेलर म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक हाय, सोडून येता येत न्हाई. केवळाबाई टँकरच्या रांगेत होत्या. म्हणाल्या, "मी? मी न्हाई वळखत बापा. आमच्या गल्लीत एक मास्तर हुते, बरा मानूस हुता." मुख्याध्यापकांना 'तपासणी' होती. रांगेतल्या वीस घरांनी मला बघून मान वळवली. तारामतीला विचारायचं धाडस झालं नाही, तिनेही नाही म्हटलं असतं तर पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी साहेबरावांकडे गेलो. त्यांनी चप्पल घातली. "वळख देतो की. पन पोस्टात न्हाई. तहसिलीत चला."

"तिथं कशाला?"

"परवाना घ्यायला दुश्मन केला, मास्तर. आता दुश्मनाकडूनच परवाना घ्यायचा हाय, अन् तो द्यायला साक्षीदार मागून राहिला. हे काय हाय? ज्यांला खरंच राख बघावी लागली त्यांनी दरखास्ती करून हात झिजवले, अन् तुम्ही साडूला दाखवायला वीस घरांचं पाणी कोंडलं." ते रागाने बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. मला एवढी शरम माझ्या लग्नातसुद्धा वाटली नव्हती, आणि माझं लग्न हणमंतरावांच्या हजेरीत झालं होतं.

तहसील कचेरीत मी लिहून दिलं. वाद नव्हता, धमकी नव्हती, कुऱ्हाड नव्हती. अर्जदाराने परवान्यासाठी सर्व खोटं रचलं आणि किशनरावांनी मैत्रीपोटी होकार दिला. साहेबरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. तहसीलदार साहेबांनी फाइलीतलं माझं चित्र पुन्हा एकदा उघडून बघितलं. "चित्र मात्र उत्तम काढता," म्हणाले आणि परवाना रद्द करण्याची शिफारस लिहिली. पाकीट पोस्टात सात दिवस पडून परत गेलं. मला शाळेने कारणे दाखवा नोटीस दिली आणि वेतनवाढ रोखली. नव्या जिल्ह्यात बंदूक न घेताच परवाना रद्द झालेला पहिला इसम म्हणून माझी नोंद झाली, असं ईश्वरप्पा जमादार कौतुकाने सांगतात. हणमंतरावांना ही बातमी मी सांगण्याआधीच किनवटला पोचली. दिवाळीला ते आले नाहीत.

सील निघालं. सुताराने फळ्या उचकटल्या तेव्हा गल्लीतल्या बायका आधीच घागरी घेऊन उभ्या होत्या. पाणी दोन हात खाली गेलं होतं, पण होतं. मला कोणी बोललं नाही, पण दारातून आत येऊ लागल्या. किशनरावांचा खुलासा माझ्या कबुलीमुळे मंजूर झाला. संध्याकाळी त्यांच्या बाजूचा रहाट वाजू लागला. मी भिंतीशी जाऊन दोनदा खाकरलो, एकदा "पाणी लई खोल गेलं नाही का," असंही म्हणालो. रहाट थांबला, पुन्हा सुरू झाला. आंघोळ ते आता आत, खोलीत करतात.

पंधरा दिवसांनी जमादार पुन्हा दारात. काखेत फाइल.

"तुमची न्हाई," ते म्हणाले. "किशनरावांची दरखास्त हाय. बंदुकीची. शेजाऱ्याचं म्हननं घ्यावं लागतंय."

"किशनराव? बंदूक?"

"मीबी म्हनलो, काय करायलाव साहेब बंदूक घिऊन. तर म्हनले, बंदूक दिली न्हाई तरी चालते. पन अर्ज फाइलीला लावून ठिवा." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. पोस्टमास्तरांचं ते वळणदार, शाई न सांडलेलं अक्षर. कुऱ्हाड नव्हती. शिव्या नव्हत्या, चित्र नव्हतं. 'कोणापासून धोका' या रकान्यात माझं नाव होतं. 'कारण' या रकान्यात एक ओळ होती: 'यांना मी सोळा वर्षे मित्र समजत होतो.'

जमादार ओशाळून म्हणाले, "मास्तर, खोटं हाय म्हनून लिवा. फाइल इथंच बंद करतो."

भिंतीपलीकडे रहाट थांबला होता. किशनराव दोर हातात धरून उभे असावेत. मी जमादारांचं पेन घेतलं, खाली 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे' असं लिहिलं आणि सही केली.